मार्तुस: 'साक्षी' आणि 'हुतात्मा' एकच शब्द कसा काय?

पाटीवरची_रेघ
नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय आणि तोही जरा आडवळणाच्या विषयावर, सांभाळून घ्या.

झालं असं की जूनपासून मी ऑनलाइन ग्रीक शिकतेय. नव्या करारातली (बायबलचा दुसरा, येशूनंतरचा भाग), तिला कोइने म्हणतात, आत्ताच्या अथेन्समध्ये बोलतात ती नाही. घर नगर जिल्ह्यातलं, तीन पिढ्या चर्चला जाणारं, त्यामुळे मराठी बायबल कानावर पडतच मोठी झाले. परवा होमवर्कला नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातलं २२:२० आलं. प्रेषित पौल प्रभूला सांगतोय की तुझा साक्षी स्तेफन (श्रद्धेपायी मारला गेलेला ख्रिस्ती) याचं रक्त सांडत होतं तेव्हा मी तिथंच उभा होतो, मारणाऱ्यांचे कपडे राखत. मराठीत 'साक्षी'. शेजारच्या टॅबमध्ये १६११ची किंग जेम्स (इंग्रजी बायबल) उघडी होती, तिथे चक्क 'मार्टर', म्हणजे हुतात्मा. ग्रीकमध्ये बघितलं तर 'मार्तुस'. आणि गंमत म्हणजे याच पुस्तकाच्या १:८ मध्ये 'तुम्ही माझे साक्षी व्हाल' आहे तिथेही ग्रीक शब्द तोच, पण तिथे किंग जेम्सवाले 'विटनेस' लिहून मोकळे.

म्हणजे आमची आत्या दर महिन्याला चर्चमध्ये उठून 'साक्ष' देते (वेळ तीन मिनिटं, पाळकांनी ठरवून दिलेली, आत्या कधीच पाळत नाही) तो शब्द आणि सिंहापुढे टाकलेल्या लोकांचा शब्द एकच? कुणाला काही माहिती असेल तर लिहा, माझ्याकडे आहे ते मी टाकत जाईन.

भाकरतुकडा
यात काय एवढं. जो धर्मासाठी मरतो तो मार्टर, पहिल्यापासून हाच अर्थ असणार, मराठीवाल्यांनी सौम्य करून 'साक्षी' केलं असेल.

पाटीवरची_रेघ
@भाकरतुकडा, उलटं आहे हो. मरणाचा अर्थ नंतर चिकटलाय. मूळ शब्द शुद्ध कोर्टकचेरीचा. टॉलेमींच्या (अलेक्झांडरनंतर इजिप्तवर राज्य करणारं ग्रीक घराणं) काळात इजिप्तमध्ये ग्रीक लोक करार करायचे त्यात एक प्रकार होता 'सहा साक्षीदारांचा करार', नावातच मार्तुस आहे. पपायरसच्या एकाच कागदावर मजकूर दोनदा लिहायचा, वरची प्रत गुंडाळून सील करायची, खालची उघडी ठेवायची म्हणजे कुणालाही वाचता येईल. भांडण झालं तर सील फोडून ताडून बघायचं. सहातला एक साक्षीदार तो कागद आपल्या घरी सांभाळायचा. लग्न, कर्ज, जमिनीचा खंड, असले रोजचे व्यवहार. यात मरायचं काय आहे? खरेदीखतावर सही करणाऱ्या आपल्या शेजाऱ्यासारखाच माणूस.

पुढची_तारीख
वा, आमच्या धंद्याचा विषय निघाला. सहा म्हणजे लैच झाले, आपल्याकडे मृत्युपत्राला दोन पुरतात आणि ते दोन मिळवतानाही पक्षकाराची दमछाक होते.

पाटीवरची_रेघ, तीन शब्द वेगळे आहेत का तिथे? आमच्याकडे साक्षी (माणूस), साक्ष (तो जे सांगतो ते) आणि साक्ष्य (पुरावा, त्यात कागद, वस्तू सगळं आलं). आता तर कायद्याचं नावच भारतीय साक्ष्य अधिनियम झालंय, १ जुलै २०२४ पासून.

पाटीवरची_रेघ
आहेत ना, आणि बऱ्यापैकी तुमच्यासारखेच आहेत! मार्तुस म्हणजे माणूस. मार्तुरिया म्हणजे त्याने दिलेली साक्ष. मार्तुरिऑन म्हणजे पुराव्यासारखी ठोस गोष्ट. याकोबाच्या पत्रात ५:३ ला श्रीमंतांच्या सोन्याचांदीला चढलेला गंज त्यांच्याविरुद्ध मार्तुरिऑन होईल असं आहे, म्हणजे मुद्देमालच की. शिष्यांना ज्या गावाने दारात उभं केलं नाही तिथून निघताना पायाची धूळ झटकायची, तेही मार्तुरिऑन. पण सीमा अगदी काटेकोर नाहीत, मार्तुरिऑन कधी कधी नुसत्या साक्षीसाठीही येतो.

योहान तर या शब्दांचा वेडाच आहे. त्याच्या शुभवर्तमानात (त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात) मार्तुरिया १४ वेळा, 'साक्ष देणे' हे क्रियापद ३३ वेळा, आणि मार्तुस हे नाम एकदाही नाही. का ते मला अजून कळलं नाही, सरांना विचारलं तर म्हणाले शोधा.

धातुपाठ
थोडं व्युत्पत्तीकडे. मार्तुस हा 'स्मेर्' या मूळ धातूवरून आणतात, आठवणे, काळजी वाहणे या अर्थाचा, म्हणजे आपला संस्कृत 'स्मृ' त्याचा भाऊ. सगळ्यांना हे मान्य नाही, काहींच्या मते हा शब्द ग्रीकांच्याही आधीच्या कुठल्यातरी भाषेतून आलाय. पण धरलं तर मजा आहे, कारण आपला 'साक्षी' डोळ्यावरून आलाय. पाणिनीचं सूत्रच आहे, साक्षाद्द्रष्टरि संज्ञायाम्, ५.२.९१. ज्याने समक्ष पाहिलं तो. त्यांचा साक्षी आठवणारा आणि आपला बघणारा.

आणि बघणारासुद्धा कसला, तर गप्प बसून बघणारा. वेदान्तातला साक्षी आठवा. श्वेताश्वतर उपनिषदात 'साक्षी चेता केवलो निर्गुणश्च'. काही करत नाही, काही बोलत नाही. हल्ली योगा क्लासमध्येही 'साक्षीभावाने बघा' म्हणतात तेव्हा गप्प राहा हेच सांगत असतात.

पाटीवरची_रेघ
@धातुपाठ हे भारी आहे!! मला नेमकं हेच खटकत होतं पण शब्दात पकडता येत नव्हतं. नव्या करारात 'डोळ्यांनी पाहिलेला' याला वेगळाच शब्द आहे, लूक त्याच्या शुभवर्तमानात सुरुवातीलाच वापरतो, 'अवतोप्तेस', म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी बघणारा (पोस्टमॉर्टेमला इंग्रजीत ऑटॉप्सी म्हणतात तो शब्द याचाच नातेवाईक). मग येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी बारावा शिष्य निवडायची वेळ येते तेव्हा शिष्यांतला पेत्र म्हणतो, जो सुरुवातीपासून आपल्याबरोबर होता अशांतला एक पुनरुत्थानाचा 'मार्तुस' व्हायला हवा. बघा, पाहिलेले लोक आधीच आहेत, त्यांच्यातून एकाला मार्तुस 'व्हायचंय'. म्हणजे बघून भागत नाही. मराठी साक्षीत डोळा आहे, ग्रीक मार्तुसमध्ये तोंड आहे, असं मी वहीत लिहून ठेवलंय.

पुढची_तारीख
तोंड? जरा थांबा. मराठीत 'साक्ष देणे' आहे की, त्यात तोंडच लागतं. आणि आपल्याकडे ग्वाही पण आहे, फारसी गवाहीवरून आलेला, तुकोबांचं 'सत्य असत्याशी मन केलें ग्वाही' आठवा. तिथे साक्षीदार म्हणून मनालाच उभं केलंय. आता मात्र पुढाऱ्यांनी तो शब्द पार आश्वासनाच्या पातळीवर आणून ठेवलाय, 'पाणीप्रश्न सोडवण्याची ग्वाही दिली'.

दुसरं म्हणजे अथेन्सचं थोडं वाचलंय म्हणून सांगतो. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात तिथे साक्ष आधीच लिहून द्यायचे, कोर्टात ती कारकून वाचून दाखवायचा, आणि साक्षीदार नुसता पुढे येऊन उभा राहायचा, हो हे माझंच म्हणून. आमच्यासारखी उलटतपासणी नाही काही नाही. तोंड उघडायचं कामच नव्हतं त्याला.

पाटीवरची_रेघ
अरेच्चा. हे माहीत नव्हतं. मग माझं तोंड गेलं 😅 मग उभं कशाला करायचे त्याला, नुसता कागद वाचून भागलं असतं ना?

पुढची_तारीख
तीच तर मेख आहे. उभा राहिला की तो अडकला. खोट्या साक्षीचा वेगळा दावा असायचा तिथे, विरुद्ध पक्ष साक्षीदारावर थेट टाकू शकायचा, आणि तीनदा हरला की नागरिकत्वाचे हक्क गेले. म्हणजे साक्षीदार स्वतःला गहाण टाकतो. आमच्याकडे पोलिसांपुढे घडाघडा जबाब देणारे पिंजऱ्यात आल्यावर 'मला काही आठवत नाही' म्हणतात, फितूर होतात, ते का? पाहिलेलं असतंच हो. तोंडही असतं. उभं राहायची तयारी नसते. बाहेर गावातल्या लोकांच्या नजरा असतात ना.

पाटीवरची_रेघ
वहीतलं वाक्य खोडलं. तोंड नाही, पाय. उभं राहणं.

आणि आता मला स्तेफनची गोष्ट पुन्हा वाचावी लागली, आणि काय सापडलं बघा, मी दोन दिवस याच्यातून बाहेर आलेली नाही. कृत्ये ७:५८. स्तेफनला गावाबाहेर नेऊन दगडमार करतात. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे (जुन्या करारातलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक, १७:७) पहिला दगड साक्षीदारांनीच टाकायचा, म्हणजे ज्याने आरोप केला त्याचे हात आधी. मग ते अंगरखे काढतात, दगड फेकायला हात मोकळे हवेत म्हणून, आणि शौल नावाच्या तरुणाच्या पायाशी ठेवतात. हाच शौल पुढचा पौल. त्या कपडे काढणाऱ्यांना ग्रीकमध्ये काय शब्द आहे? मार्तुरेस. मार्तुसचं अनेकवचन!!! आणि २२:२० मध्ये तोच पौल त्याच कपड्यांची आठवण काढतो तेव्हा मार्तुस कोण? दगड खाणारा.

एकाच प्रसंगात मारणारेही मार्तुस आणि मरणाराही मार्तुस. मराठीत आपण त्यांना 'साक्षीदार' आणि याला 'साक्षी' म्हणतो आणि वाचताना काही जाणवतच नाही. इंग्रजीत तर एका बाजूला विटनेस आणि दुसऱ्या बाजूला मार्टर, संपूर्ण धागाच तुटला.

रिकामटेकडी
अंगावर काटा.

भाकरतुकडा
ठीक आहे मानलं, पण मग मरणाचा अर्थ चिकटला कधी? कुणीतरी एके दिवशी ठरवलं का?

केळीची_वाडी
वसईहून. आमच्याकडे (कॅथलिक) मराठी उपासनेत यासाठी शब्दच आहे, 'रक्तसाक्षी'. संतांच्या सणांच्या यादीत नावापुढे लिहिलेलं असतं, अमुक संत, रक्तसाक्षी. लहानपणी मी हा शब्द शेकडो वेळा ऐकलाय आणि कधी फोडून बघितला नव्हता, आज बघितला. रक्त + साक्षी. तुमचे दोन्ही तुकडे एकत्र.

आमचा गावचाच आहे एक, गोन्सालो गार्सिया, जन्म वसईचा, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला २६ जणांना क्रूसावर चढवलं त्यातला एक. १८६२ मध्ये संत झाला. गास गावात त्याच्या नावाचं चर्च आहे. पदयात्रेत आम्ही पोरं मागे राहून केळी खायचो, ते वेगळं.

केरळच्या मित्राला विचारलं, तो म्हणाला मल्याळममध्ये रक्तसाक्षी हाच रोजचा शब्द आहे, कम्युनिस्ट पार्टीवाले पण त्यांच्या मेलेल्या कार्यकर्त्यांना रक्तसाक्षीच म्हणतात.

मडगांवचो
गोंयांत 'मार्तीर', पोर्तुगीजमधून आलेला, म्हणजे तुमचा ग्रीक शब्दच बोटीने लिस्बनमार्गे आला. आणि इथे दोन्ही बाजूंचे मार्तीर आहेत. १५८३, कुंकळ्ळी. रोदोल्फो आक्वाविवा (अकबराच्या दरबारात राहून आलेला जेज्युइट, म्हणजे येशूसंघी पाद्री) आणि त्याचे चार साथीदार गावकऱ्यांनी मारले, ते चर्चचे मार्तीर, १८९३ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) झाले. मग पोर्तुगीजांनी गावच्या १६ गांवकारांना (पुढाऱ्यांना) बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं, एकटा निसटला. त्यांचं स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. कोण साक्षी कोण मारणारा हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. स्तेफनच्या गोष्टीतल्यासारखं नाही, पण शब्द वाचून तेच आठवलं.

(इथे भांडण नको, माहिती म्हणून लिहिलंय)

रिकामटेकडी
अवांतर पण संबंधित: अरबीतही तसंच आहे. शाहिद म्हणजे साक्षीदार आणि शहीद म्हणजे तो दुसरा, धातू एकच. ख्रिस्ती सिरियाक भाषेत 'साहदा' हा साक्षी आणि मार्टर दोन्ही. आणि हा धातू बायबलमध्येही येऊन गेलाय! उत्पत्ति ३१:४७, याकोब आणि त्याचा सासरा लाबान भांडण मिटवून दगडांचा ढीग रचतात, याकोब त्याला हिब्रूत गलेद म्हणतो, लाबान अरामीत 'यगर-सहादूथा', साक्षीचा ढीग. दगडच साक्षीदार, फितूर व्हायचा प्रश्न नाही.

मराठीत आपण मात्र 'हुतात्मा' केलं, त्यात साक्षीचा लवलेश नाही, हुत म्हणजे अग्नीत आहुती दिलेलं. यज्ञाचा शब्द.

पाटीवरची_रेघ
किती काय काय मिळालं, थँक्यू सगळ्यांना 🙏

@भाकरतुकडा, कधी चिकटला ते. माझी समजूत अशी. प्रकटीकरणात (बायबलचं शेवटचं पुस्तक) शब्द अगदी उंबऱ्यावर उभा आहे. २:१३ मध्ये पर्गमचा अंतिपा, 'माझा विश्वासू साक्षी, तुमच्यामध्ये मारला गेला'. १७:६ मध्ये दृष्टान्तात दिसलेली एक बाई येशूच्या साक्षींच्या रक्ताने झिंगलेली. इथे लॅटिन भाषांतरवाल्यांनी काय केलं बघा, स्तेफन आणि अंतिपाला साधा 'तेस्तिस' म्हणजे कोर्टातला साक्षीदार, आणि १७:६ ला 'मार्तिर', ग्रीक शब्दच उचलून. परका शब्द तसाच ठेवला की त्याला नवा अर्थ घालायला जागा मिळते, रोजच्या शब्दाला ती मिळत नाही.

पण प्रकटीकरणात अजून मरण म्हणजेच साक्ष असं झालेलं नाही असं मला वाटतं. ११:७ बघा, दोन साक्षी 'आपली साक्ष पूर्ण करतील तेव्हा' श्वापद त्यांना मारतं. साक्ष आधी पूर्ण झाली, मग मरण. मरणाने साक्ष पुरी होत नाही.

मग दुसऱ्या शतकाच्या मध्यावर स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प. ८६ वर्षं मी त्याची (ख्रिस्ताची) सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही, असं म्हणून आगीला सामोरा गेलेला. त्याची हकीकत त्याच्या मंडळीने पत्रात लिहिली त्यात मार्तुरिया म्हणजे सरळ त्याचं मरण. आणि पहिल्याच परिच्छेदात म्हटलंय की त्याने आपल्या मार्तुरियाने छळावर जणू शिक्का मारून तो थांबवला. शिक्का! सील! सहा साक्षीदारांच्या कागदासारखं. शब्द मरणापर्यंत गेला तरी कचेरी विसरला नाही.

केळीची_वाडी
त्या काळातलं फ्रान्सच्या ल्यों शहराचं पत्र वाचलंय का? १७७ सालचं. आमच्या फादरांनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं. तुरुंगात छळ सोसलेले, अंगावर भाजल्याच्या खुणा असलेले लोक, बाहेरचे त्यांना मार्तुस म्हणायला लागले तर ते चिडायचे. म्हणायचे खरा मार्तुस ख्रिस्त, आणि मग जे मरून त्याच्यापाशी पोचले ते, आम्ही साधे कबुली देणारे.

धातुपाठ
म्हणजे १७७ पर्यंत शब्दावर भांडण चालू होतं असा त्याचा अर्थ. अर्थ पक्का झालेला असता तर कुणी नको म्हणालं नसतं, सरळ चूक म्हणून दुरुस्त केलं असतं.

पुढची_तारीख
मला मार्कच्या शुभवर्तमानातल्या १४व्या अध्यायावरून एक विचारायचं होतं. येशूच्या खटल्यात खोटे साक्षीदार येतात आणि 'त्यांच्या साक्षीत मेळ बसेना' असं आहे. ग्रीकमध्ये काय?

पाटीवरची_रेघ
शब्दशः 'साक्षी समान नव्हत्या'. मार्तुरियाइ, अनेकवचन, आणि 'इसाइ' म्हणजे समान. दोन किंवा तीन साक्षीदारांचं जुळलं पाहिजे हा अनुवाद १९:१५ चा नियम.

पुढची_तारीख
आमच्या १८७२ च्या कायद्यात कलम १३४ होतं, कुठलीही गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची अमुक एक संख्या लागत नाही. एक चांगला पुरे. मोशेच्या कोर्टात माझे अर्धे खटले उभेच राहिले नसते.

रिकामटेकडी
शेवटची शंका. प्रकटीकरणात 'येशूची साक्ष' असं सारखं येतं, १९:१० ला तर 'येशूची साक्ष हा संदेशाचा आत्मा आहे'. ही साक्ष येशूने दिलेली की येशूबद्दल दिलेली?

पाटीवरची_रेघ
हाहा, यावर विद्वान लोक भांडतच आहेत. ग्रीक षष्ठीत दोन्ही बसतं. इंग्रजी भाषांतरवाल्यांना कधी कधी एक बाजू घ्यावी लागते, पण मराठीला काही अडचणच नाही, आपली षष्ठी पण तशीच दुतोंडी आहे. 'आईची आठवण' म्हणजे आईला आलेली की आईची आपल्याला आलेली? 'येशूची साक्ष' लिहून मराठी भाषांतरकार निवांत. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत केलं, त्यांनी इथे काय केलंय ते बघायचंय मला, प्रत मिळाली की सांगते.

भाकरतुकडा
बरं ते सगळं सोडा, या रविवारी आत्याने साक्ष दिली का?

पाटीवरची_रेघ
दिली. मी मुद्दाम गावी गेले होते. अकरा मिनिटं. विषय, म्हैस आजारी पडली, डॉक्टर तालुक्याला, रात्री दोनला ही कंदील घेऊन एकटीच गोठ्यात बसलेली आणि मग पहाटे म्हैस उठली. पाळकांनी दोनदा घड्याळ बघितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं की म्हैस आपोआप बरी झाली असेल, तर आत्या बोलता बोलता थांबली, त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, तू होतास का तिथे?

पुढची_तारीख
उलटतपासणी संपली. 😄